मशीन बंद केलं तरी प्रेशर बंद होत नाही

रोहिणी लागायला आता आठ-दहा दिवस राहिले, आमच्या मुरबाडकडे राब भाजून झालेत, रोपांच्या ट्रेसाठी माती चाळायचं काम चालू आहे आणि माझा फोन वाजायला लागलाय. मे महिन्यात तो वाजतोच. मी रबाळे एमआयडीसीत हायड्रॉलिक होजच्या, म्हणजे मशीनमध्ये दाबाखालचं ऑइल नेणाऱ्या जाड रबरी पाइपांच्या दुकानात बारा वर्षं काम करतोय, राहायला घणसोलीला. वर्षभर आमच्याकडे जेसीबीवाले, फोर्कलिफ्टवाले, कळंबोलीचे ट्रेलरवाले, प्रेस मशीनवाले येतात पण एप्रिल-मे आला की मुरबाड, शहापूर, कर्जत, भिवंडीकडचे शेतकरी पिशवीत तुटका होज घालून यायला लागतात. कोणाच्या ट्रॉलीच्या जॅकचा, कोणाच्या पेरणी यंत्राचा, आणि गेल्या काही वर्षांत भात लावणीच्या मशीनचा. लावणीला बाया मिळत नाहीत, पोरं सगळी कंपनीत, त्यामुळे चार-पाच घरांनी मिळून मशीन घेणं किंवा भाड्याने आणणं आमच्या भागातही वाढलंय.

परवाच्या रविवारी गावाला जाऊन आमच्या गटाच्या मशीनचं काम केलं आणि येताना कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा ठरवलं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं, कारण काउंटरवर गर्दीत मी दोन मिनिटांत जे सांगतो ते घरी जाईपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही आणि हा विषय विसरून चालणारा नाही.

आधी दादाच्या बोटाचं सांगतो.

दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ, गावची शेती तोच बघतो. चार वर्षांपूर्वी जुलैमध्ये ऐन लावणीत लावणीच्या मशीनचा मागचा भाग नेहमीपेक्षा हळू उचलायला लागला. हे मशीन बसून चालवायचं असतं, मागे रोपांच्या ट्रेचा आणि रोप खोचणाऱ्या लोखंडी बोटांचा अख्खा भाग असतो आणि तो हायड्रॉलिक सिलिंडरवर वर-खाली होतो. खाचर संपलं, बांधाजवळ आलं की वर उचलायचा, वळलं की परत खाली. तर तो उचलेना म्हणून दादा खाली उतरला, इंजिन चालूच, वाकून बघितलं तर सिलिंडरजवळचा होज ओला दिसला. चिखल, पाणी, ऑइल सगळं एकत्र, नक्की कुठून गळतंय कळेना म्हणून त्याने होजवरून बोट फिरवलं. तुम्ही-आम्ही सगळे हेच करतो, सायकलचं पंक्चर शोधल्यासारखं.

त्याला काहीतरी चावल्यासारखं वाटलं. बघितलं तर तर्जनीच्या टोकाला एक बारीक ठिपका, रक्तसुद्धा धड नाही. त्याने बोट चिखलाच्या पाण्यात धुतलं, होजवर सायकलची ट्यूब गुंडाळून तारेने आवळली आणि दोन तास अजून लावणी केली. दुपारी जेवताना वहिनीने बघितलं की बोट पांढरं पडलंय आणि सुजलंय. ती मागे लागली म्हणून तो जवळच्या एका दवाखान्यात गेला, तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन आणि दुखण्याच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. ठिपकाच तो, कोणाला काय वाटणार.

रात्री नऊ वाजता त्याचा मला फोन आला तो बोटासाठी नव्हताच. होज पाहिजे होता. साइज सांगत होता आणि बोलता बोलता म्हणाला की उद्या तूच घेऊन ये मला गाडी चालवता येणार नाही, हात ठणकतोय. कशाने ठणकतोय विचारलं तर म्हणाला, "काय नाय रे, होज बघताना टोचलंय जरा." माझ्या पोटात गोळा आला. कारण आमच्या शेठनी मला कामाला लागल्या लागल्या पहिल्या आठवड्यात जे सांगितलं होतं ते हेच होतं, की होजमधून आलेलं ऑइल टोचलं असं कोणी म्हणालं तर पाइप बाजूला ठेव आणि आधी माणसाला हॉस्पिटलमध्ये पाठव.

मग रात्री पावसात गाडी करून मुरबाड, कल्याण, ठाणे. ठाण्यात ज्या सर्जननी हात बघितला त्यांनी एकच विचारलं, किती वाजता झालं? सकाळी अकराला. तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजत होते. लगेच ऑपरेशनला घेतलं, बोट उघडलं तर ऑइल टोकापासून तळहातापर्यंत पसरलेलं. तीन वेळा साफ करावं लागलं. तर्जनीचं वरचं पेर गेलं, बाकी बोट राहिलं पण ते पूर्ण वाकत नाही. दादा उजव्या हाताने विळा धरतो तेव्हा अजून बघवत नाही मला.

आता हे होतं कसं ते सांगतो, कारण एवढ्याशा भोकातून येणारं ऑइल चामडीतून आत जातं हे समोर ऐकणाऱ्याला खरंच वाटत नाही.

घरचा प्रेशर कुकर शिटी देतो तेव्हा आतलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त असतं, बार हे प्रेशरचं माप. कारच्या टायरमध्ये २ बारच्या आसपास. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये साधारण १५० ते २०० बार. लावणीच्या मशीनमध्ये, पेरणी यंत्रात आकडा कमी-जास्त असेल, मशीनप्रमाणे बदलतो, पण चामडी फुटायला साधारण ७ बार म्हणजे १०० पीएसआय पुरतं असं धरतात. मग बाकीचा हिशोब तुम्हीच करा. होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की त्यातून ऑइल थेंबाने येत नाही, तार निघाल्यासारखी बारीक धार निघते, ती धार उन्हात पटकन दिसतसुद्धा नाही, आणि ती चामडी भेदून आत शिरते आणि बोटातल्या शिरांच्या बाजूच्या पोकळीतून सरळ तळहाताकडे सरकते. रक्त येत नाही, सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस फसतो. आत मात्र ऑइलमुळे मांस मरायला लागतं आणि सूज वाढून रक्त पुरवठा बंद होत जातो. पहिल्या सहा तासांत उघडून साफ केलं तर बोट वाचायची शक्यता खूप जास्त, जसजसा वेळ जातो तसतशी ती कमी होत जाते.

म्हणून कोणाला असं टोचलं तर गोळी घेऊन झोपायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही, घट्ट बांधायचं नाही, दाबून ऑइल बाहेर काढायचा प्रयत्न करायचा नाही. काही खायचं-प्यायचं पण नाही कारण बहुतेक ऑपरेशन लागतंच. १०८ला फोन करा किंवा मिळेल ती गाडी, आणि जिथे हाताचं ऑपरेशन करणारे सर्जन आहेत अशा मोठ्या हॉस्पिटलला जा. डॉक्टरांना "हाय प्रेशर इंजेक्शन इंज्युरी" हे तीन-चार शब्द असेच्या असे सांगा, आणि कुठलं ऑइल होतं ते सांगा, जमलं तर कॅनवरच्या लेबलचा फोटो न्या. हे मी कार्डावर मराठीत छापून घेतलंय, दुकानात होज घेणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत एक टाकतो.

गळती शोधायची असेल तर पुठ्ठा घ्या. आता घरोघरी हापूसच्या पेट्यांचे पुठ्ठे पडलेत, तोच. हातभर लांब काठीला पुठ्ठा अडकवायचा, डोळ्यांवर चष्मा, तोही साधा नाही, वेल्डिंगच्या दुकानात बाजूने बंद असलेला पारदर्शक मिळतो तो, आणि लांबून पुठ्ठा होजच्या शेजारून फिरवायचा. भोक असेल तिथे पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उमटते, प्रेशर जास्त असेल तर पुठ्ठा कापला जातो. आम्ही मागे एकदा गावात सगळ्यांसमोर हे करून दाखवलं होतं जुन्या होजवर, पुठ्ठ्याला आरपार भोक पडलेलं बघून पोरं गप्प झाली. आणि कातडी हातमोजे घातले म्हणजे काही होत नाही असं समजू नका, धार मोज्यातूनही जाते. मोजे गरम ऑइलसाठी आहेत.

बरं, आता बंद मशीनचं. जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच.

लोक म्हणतात इंजिन बंद केलं, आता काय होतंय. होतं. पंप थांबला एवढंच झालं, होजमध्ये आणि सिलिंडरमध्ये कोंडलेलं ऑइल तसंच दाबाखाली बसलेलं असतं, कारण व्हॉल्व्हने त्याचा रस्ता अडवलाय. वर उचललेला भाग हवेत तरंगतोय तो त्याच कोंडलेल्या ऑइलवर. अशा वेळी तुम्ही पाना लावून नट सोडवला की दोन गोष्टी एकदम होतात, ऑइल तोंडावर उडतं आणि वर असलेलं वजन खाली येतं.

म्हणून आमच्या मशीनला हात लावायच्या आधी आम्ही आता एक पद्धत ठरवलीये आणि ती कोणी मोडली तर दादा स्वतः ओरडतो. मशीन सपाट जागेवर, ब्रेक लावून. मागचा भाग पूर्ण खाली, जमिनीला टेकलेला. इंजिन बंद. चावी काढून काम करणाऱ्याच्या खिशात, दुसऱ्या कोणाच्याही नाही. मग हायड्रॉलिकचा लिव्हर वर-खाली, वर-खाली असा चार-पाच वेळा पूर्ण हलवायचा म्हणजे अडकलेलं प्रेशर टाकीकडे परत जातं. ट्रॅक्टरला मागे जोडलेलं यंत्र असेल तर त्याच्या प्रत्येक होजचा लिव्हर वेगळा, सगळे हलवायचे. नवीन मशीनमध्ये काही व्हॉल्व्ह करंटवर चालतात, तिथे इंजिन बंद पण चावी ऑन ठेवल्याशिवाय लिव्हर हलवून उपयोग होत नाही, मॅन्युअलमध्ये बघा. आणि ऑइल गार होऊ द्या, दिवसभर चाललेल्या मशीनचं ऑइल अंगावर आलं तर भाजतं.

एवढं करूनही नट एकदम सोडवायचा नाही. काही सिलिंडरवर लॉक व्हॉल्व्ह असतो, होज फुटला तरी भाग खाली पडू नये म्हणून कंपनीने दिलेला, चांगलाच आहे तो, पण त्याच्यामुळे लिव्हर हलवला तरी सिलिंडरच्या आतलं प्रेशर तसंच राहू शकतं. म्हणून नटावर जाड फडकं टाकायचं, आपण एका बाजूला उभं राहायचं, तोंड समोर न्यायचं नाही, आणि पाव-अर्धा आटा हळू सोडून थांबायचं. ऑइल जोराने आलं तर परत आवळून पुन्हा सुरुवातीपासून. झिरपून थांबलं तर पुढे जायचं. मोठ्या पेरणी यंत्रांवर कधी कधी गॅस भरलेली गोळ्यासारखी नाहीतर बाटलीसारखी वस्तू असते, अॅक्युम्युलेटर म्हणतात, तिच्यात नायट्रोजन दाबून भरलेला असतो आणि ती मशीन बंद असतानासुद्धा प्रेशर धरून ठेवते, तिला गावात कोणी उघडायची नाही. कंपनीचा माणूस बोलवा, दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.

वजनाचंही सांगतो. ५० मिलिमीटरच्या सिलिंडरमध्ये १८० बारला साधारण साडेतीन टन जोर असतो. म्हणजे हे ऑइल साडेतीन टन धरून उभं आहे आणि तुम्ही त्याच्या खाली डोकं घालून नांगरफाळ साफ करताय. एक ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी रिंग, कापली गेली की संपलं. जॅकवर उचललेल्या, लिफ्टवर उचललेल्या कुठल्याही भागाखाली शिरायचं असेल तर त्याच्याखाली सागाचा नाहीतर बाभळीचा जाड ओंडका, किंवा लोखंडी घोडी, आणि मशीनला जो लॉकचा खटका दिलाय तो लावलेला. दोन्ही. विटा नकोत, सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर अजिबात नकोत, ते दिसतात दणकट पण बाजूने दाब आला की एका क्षणात फुटतात.

आणि पोरांना ट्रॅक्टरच्या सीटवर बसू देऊ नका काम चालू असताना. बंद ट्रॅक्टरचासुद्धा लिफ्टचा लिव्हर खाली केला की मागचं यंत्र खाली येतंच, त्याला इंजिन लागत नाही, वजन आपोआप खाली बसतं. आमचा भाचा सहा वर्षांचा, त्याला सगळ्यात आवडता खेळ म्हणजे बंद ट्रॅक्टरवर बसून लिव्हर ओढणं. मागच्या वर्षी मी पेरणी यंत्राच्या फणाखाली होतो आणि हा वर चढला, खाली ओंडका होता म्हणून ठीक. तेव्हापासून काम चालू असताना वहिनी पोरांना वाड्यातच ठेवते.

मार्करच्या हाताबद्दल एक स्वतंत्र गोष्ट, कारण ह्यात माणसं जखमी होतात आणि फार कोणी सांगत नाही. पेरणी यंत्राच्या बाजूला जो लांब हात असतो, पुढच्या फेरीची रेघ मारणारा, तो काही यंत्रांवर सिलिंडरने उचलतात. त्याचा होज बदलला की सिलिंडर रिकामा होतो, आत ऑइलच्या जागी हवा. मग तुम्ही नवीन होज लावता, खूश होऊन हाताची पिन काढता, आणि तो हात धाडकन येतो, कारण त्याला अडवायला आत ऑइलच नाही. शहापूरकडचे एक गिऱ्हाईक आहेत त्यांचा खांदा असाच निखळला, होज आमच्याकडूनच नेला होता, त्या दिवशी मी त्यांना हे सांगितलं नव्हतं याचं मला अजून वाईट वाटतं. तर होज बदलायचा तो हात जमिनीवर टेकलेला असताना. बदलून झालं की ऑइलची लेव्हल बघायची, इंजिन हळू चालवायचं, सगळ्यांना लांब उभं करायचं, आणि लिव्हरने हात थोडासा वर, खाली, थोडासा वर, खाली असं करत हवा काढायची. झटके बंद झाले, हालचाल एकसारखी झाली की मगच पूर्ण उचलून पिन लावायची. मग परत ऑइल बघायचं, कमी झालेलं असतंच.

होजबद्दल मी दिवसभर बोलू शकतो पण जे नडतं तेवढंच सांगतो.

होजवर एक लांब रेघ छापलेली असते, तिच्यात सगळं लिहिलेलं असतं, साइज, प्रकार, किती बारला चालतो, कधी बनला. अर्ध्या इंचाचा दोन जाळीचा होज, म्हणजे रबरात तारेच्या दोन जाळ्या असलेला, ज्याच्यावर टू एसएन लिहिलेलं असतं, तो २७५ बारला चालतो. तोच अर्धा इंच एका जाळीचा घेतला तर १६० बार. वरून बघितलं तर दोन्ही काळेच. स्वस्त म्हणून एका जाळीचा नेऊन प्रेशर लाइनला लावणारे मी बघितलेत, आणि परतीच्या लाइनचा कापडी होज प्रेशरला लावणारेही. म्हणून दुकानात येताना जुना होज घेऊन या, तो पंपाकडून येतो की टाकीकडे जातो ते सांगा, मशीनचं नाव सांगा. नुसतं "अर्धा इंच तीन फूट दे" म्हणू नका. होजच्या टोकाची जुनी लोखंडी कॅप कापून नव्या पाइपवर परत ठोकून देणारे असतात, तसं करून घेऊ नका, एकदा क्रिम्प झालेली, म्हणजे मशीनने दाबून बसवलेली कॅप परत वापरायची नसते.

होज ताणून लावू नका, प्रेशर आलं की होज थोडा आखूड होतो, चार टक्क्यांपर्यंत, म्हणजे एक मीटरच्या होजला चार सेंटिमीटर. थोडी ढील पाहिजेच. पण कॅपच्या अगदी बुडातून मुरडायचाही नाही, अर्ध्या इंचाच्या दोन जाळीवाल्याला वळणाची त्रिज्या निदान १८० मिलिमीटर लागते, वीतभर समजा. आणि ती छापलेली रेघ सरळ राहतेय का बघा, रेघ दोरीसारखी गोल फिरली असेल तर होजला पीळ बसलाय, सोडून परत लावा.

बदलायचा कधी? रबर फुगलंय, चिरा पडल्यात, आतली तार दिसतेय, कॅपजवळ ओलसर आहे, तर लगेच. तार दिसायला लागलेला होज आमच्या दमट हवेत एका पावसाळ्यात गंजतो. सायकलची ट्यूब, कापड, चिकटपट्टी काहीही गुंडाळू नका, त्याने गळती थांबत नाही, लपते, आणि लपलेल्या धारेवर हात जातो. शिवाय धुक्यासारखं उडालेलं ऑइल गरम सायलेन्सरवर गेलं तर आग लागते हेही डोक्यात ठेवा.

आट्यांचाही घोळ असतो. अर्ध्या इंचाचा बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचा आटा) आणि अर्ध्या इंचाचा एनपीटी (अमेरिकन पद्धतीचा), दोन्हींना इंचाला १४च आटे, त्यामुळे एकात दुसरा दोन-तीन फेरे जातो आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. तो गळणारच, आणि गळतो म्हणून लोक अजून आवळतात, आणि मग एके दिवशी प्रेशरखाली सुटतो. जपानी मशीनचे निपल, म्हणजे होज जोडायचे तुकडे, वेगळेच असतात, ते मापून घ्यावे लागतात. टेफ्लॉन टेप गुंडाळून भागवायला जाऊ नका, तिचे तुकडे तुटून व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. आणि इंजिन चालू असताना, प्रेशर असताना गळणारा नट आवळायचा नाही, ह्याच्यावर मी वाद घालत नाही.

ऑइलचं थोडक्यात. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं, तिथे घरात पडलेलं इंजिन ऑइल ओतलं तर दोन्हीची वाट लागते. ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी गेलंय, चिखलात चालणाऱ्या मशीनला हे नेहमीचं आहे, टाकीच्या झाकणावरचा हवा घ्यायचा ब्रीदर चिखलाने बुजला किंवा मशीन धुताना पाण्याची जोरात धार तिथेच मारली की जातं. फेस आला तर कुठूनतरी हवा ओढतोय किंवा लेव्हल कमी आहे. लेव्हल बघताना सिलिंडर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत ठेवा, नाहीतर टाकी कमी दिसते म्हणून जास्त ओतलं जातं आणि नंतर बाहेर येतं.

आणि स्वच्छता. डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचा कण दिसत नाही आणि व्हॉल्व्हच्या आतली फट त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक असते, म्हणजे जो कचरा पंप खराब करतो तो तुम्हाला दिसतच नाही. ट्रॅक्टरला होज लावताना कपलर, म्हणजे होजच्या टोकाचा जोड, शेतातल्या मातीत पडलेला उचलून सरळ खुपसतात लोक. पुसा आधी. टोप्या लावा. टोपी हरवली असेल तर आमच्याकडे मिळते, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे, नसेल तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी बांधा. ऑइल ओततानाचं नरसाळं रॉकेलच्या कामाचं वेगळं, ह्याचं वेगळं.

लावणी संपली की मशीन धुऊन, सिलिंडर जेवढे आत जातील तेवढे आत घेऊन ठेवायचे. दांडी बाहेर राहिली की पावसाळी हवेत तिच्यावर गंजाचे ठिपके येतात आणि पुढच्या वर्षी ते ठिपके सील कापतात. सील कापलं की गळती, गळती दिसली की कोणीतरी बोट लावणार. जे ऑइल काढलं ते बांधावर, ओहोळात ओतू नका, खाचरातलं पाणी काळू नदीला जातं आणि तेच पाणी खाली कोणीतरी पितं. कॅनमध्ये भरून ठेवा, घेणारे असतात.

तर परवा रविवारी आम्ही सहा जण होतो. सगळे होज बघितले, तीन चांगले, एकाच्या कॅपजवळ ओलं, आणि मागचा जो मधल्या फ्लोटजवळून जातो त्याचं रबर घासून तार उघडी. मधला फ्लोट म्हणजे जमीन वर-खाली झाली की जे मशीनला कळवतं आणि लावणीची खोली सारखी ठेवतं ते. तो होज फ्रेमला घासत होता, आता नव्या होजला जाड प्लास्टिकची नळी चढवून क्लिप मारणार आहे. पुठ्ठा धरायचं काम दादाने स्वतः केलं, काठी त्याच्या उजव्या हातात, आणि नवीन आलेल्या दोन पोरांना तो सांगत होता की बघ, हात कुठे आहे माझा, तिथेच ठेवायचा. बोटाबद्दल काही बोलला नाही, त्यांना दिसत होतंच.

दोन्ही जुने होज त्याने खताच्या गोणीत बांधून दिलेत, ते आत्ता माझ्या टेबलखाली आहेत, एक पाव इंच दोन जाळीचा, एक तीन अष्टमांश. उद्या शेठ आले की बनवून घेतो, पुढच्या रविवारी पहाटे निघायचंय, मृग लागायच्या आत मशीन चालवून बघायचं आहे.